लेलेबाईंची नक्कल

जपानी भाषेत 'ल' नाही. त्यामुळे क्योतोच्या विद्यापीठातल्या आमच्या विभागात लेलेबाईंना सगळे 'रेरे-सेन्सेई' म्हणत; सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. एरवी त्या सगळं दुरुस्त करत. आमचं इंग्रजी, आमची बसण्याची पद्धत, आमच्या डब्यातलं मीठ.

त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण मला ते जमेल का, याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील पुसदच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक, आई ब्लाउज शिवते. शिष्यवृत्ती मिळून मी जपानला आले तेव्हा 'मानववंशशास्त्र म्हणजे नक्की काय गं?' या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. बाईंकडे होतं. 'दुसऱ्याच्या घरात जाऊन आपली लाज काढून घेणं,' असं त्या सांगत.

पहिल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले ती आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. स्टीलचा, झाकणावर वडिलांचं नाव कोरलेला. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस ऑफिसच्या कात्रीने स्वतःच कापल्यासारखे वेडेवाकडे, अंगात तपकिरी कॉर्डरॉयची पँट. हीच पँट मी पुढची तीन वर्षं पाहणार होते. मी डबा पुढे केला. त्यांनी तो उघडला, एक लाडू तोंडात टाकला आणि डबा घेऊन खोलीभर फिरल्या. प्रत्येक टेबलावर लाडू ठेवत गेल्या. विद्यार्थ्यांच्या, सेक्रेटरीच्या, प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्यासुद्धा. मग रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"तूप कमी आहे. आईला सांग."

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. लेले आडनावाच्या, पुण्यात वाढलेल्या बाईला हे माहीत नसेल असं कसं म्हणावं? मी डबा धरून उभी राहिले.

"काय बघतेस? आभार हवेत?" त्या म्हणाल्या. "मिळणार नाहीत. आभार परक्यांचे मानतात. जंगलात मी कुणाला आभार म्हणताना ऐकलं नाही. असलेलं वाटायचं, दिसलेलं मागायचं. देणारा मोठा नाही, घेणारा लहान नाही. कळलं? कुठली तू?"

"पुसदची."

"आणि आत आलीस ती कशी? अशी." बाईंनी एक काल्पनिक डबा दोन्ही हातांत धरला, खांदे आत घेतले, मान तिरकी केली आणि दारापासून माझ्यापर्यंत अशा चालत आल्या की खोलीतले सगळे हसले. देवीची ओटी भरायला निघालेली, वाटेत कुणी रागावेल की काय म्हणून भ्यालेली मुलगी. मी स्वतःला इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला 'पुसद' म्हणू लागल्या. माझं नाव त्यांनी विचारलं नाही.

बाईंचं संशोधन काँगोच्या उत्तरेकडच्या वर्षावनातल्या म्बेंजेले लोकांवर होतं. तरुणपणी त्या तिथे वर्षानुवर्षं राहिल्या. पण त्यांचं खरं भांडण एका शब्दाशी होतं, आणि तो मी पहिल्याच सेमिनारमध्ये वापरला. मी वाचून दाखवलं, "वर्षावनातले शिकारी-संग्राहक लोक शांत, समतावादी असतात आणि निसर्गाशी..."

"कुठले लोक?"

मी थांबले. "म्हणजे, वर्षावनातले..."

"कुठलं वन? कुठले लोक? नाव सांग."

मी ओळीवर बोट ठेवून कागदात नाव शोधू लागले.

"पुसद, तुझ्या गावची आमटी आणि शेजारच्या गावची आमटी एक असते का?"

"नाही, बाई."

"मग यांची का असावी?" आणि त्या उठून सांगू लागल्या. असं सांगताना त्या कधी कागद घेत नसत. एकाच इतुरीच्या जंगलात म्बुती जाळी लावतात, बायकामुलं आरडाओरडा करून जनावर जाळ्याकडे हाकतात. आणि त्यांचेच शेजारी एफे, ते धनुष्य घेऊन जातात. आका लोकांमध्ये बाप तान्ह्या पोराला इतका वेळ छातीशी धरून असतो की आपल्याकडच्या बापांना ताप भरेल. बाका लोकांच्या बायका ओढ्याला बांध घालून पाणी उपसतात आणि मासे हातांनी पकडतात. फिलिपिन्समध्ये आग्ता बायका स्वतः शिकारीला जातात. मलेशियातले बातेक जनावराला हसत नाहीत, हसलं तर वीज कोसळते असं मानतात. "आणि माझे म्बेंजेले सगळ्यांना हसतात. झाडाखाली राहिले म्हणून एकाच मापाचे झाले? या पोरीने सगळ्यांना एका पोत्यात भरलं आणि वर चिठ्ठी लावली, शांत. शांत! तू भेटलीस का त्यांना?"

मग त्यांनी माझी वाचण्याची नक्कल केली. बोट ओळीवर, ओठ थरथरते, मध्येच आवंढा. पुन्हा सगळे हसले. मला रडू आलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. कदाचित नकलेतलं सगळं खरं होतं म्हणून असेल. त्या महिन्यात मी मिळतील तेवढी नावं पाठ केली. बाईंच्या वर्गात नाव न येणं म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं.

नक्कल हे बाईंचं शस्त्र होतं, आणि ते त्यांनी जिथून आणलं ती गोष्ट त्या दर नव्या विद्यार्थ्याला सांगत. जंगलात पहिल्या वर्षी त्यांनी तंबूत सार्डिनचे डबे लपवले होते. वस्तीवर सगळ्यांबरोबर जेवायचं आणि मग तंबूची चेन लावून एकटीने मासे खायचे. भूक भागत नव्हती म्हणून नाही. 'आपलं' असं काहीतरी हवं होतं म्हणून. एके संध्याकाळी वस्तीतली एक म्हातारी, नवरा गेलेली, वाळक्या शेंगेसारखी, मधोमध येऊन बसली. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, अंगाभोवती काल्पनिक चेन ओढली, पाठ फिरवून डबा उघडला. बोट आत. चाटलं. दचकली. पुन्हा चाटलं. मग जमीन उकरून डबा पुरला आणि वर बसून राहिली, तोंडावर काहीच न झाल्याचा भाव आणून. वस्ती हसून जमिनीवर लोळली.

"तिथे ही पद्धतच आहे," बाई सांगत. "कुणी लपवलं, कुणी मोठेपणा मिरवला, की म्हाताऱ्या बायका नक्कल करतात. भांडण नाही, शिक्षा नाही. ज्याची नक्कल असते तो एक तर स्वतः हसतो, नाहीतर रागाने जंगलात निघून जातो. तो हसला की विषय संपला. जो निघून गेला त्यालाही कळतं की परत यायचं आहे. मी तंबूत जाऊन रडले. सकाळी त्याच म्हातारीने मला जेवायला हाक मारली. त्या दिवशी मी माणसांत आले."

ही गोष्ट फार चांगली आहे. मला ती तेव्हाही आवडली होती. पण बाईंनी ती हारुकावर वापरली तेव्हा मला प्रश्न पडला.

हारुका माझ्याबरोबरची. मासेमारीच्या एका लहानशा गावातून आलेली, इतकी हळू बोलणारी की समोरच्या टेबलावरही ऐकू जाऊ नये. प्रत्येक वाक्याआधी 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', आणि प्रत्येक वाक्यानंतर एक लहानसं वाकणं. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या मांडणीला विभागाचे प्रमुख मुरासे-सेन्सेई आले होते, बाहेरचे दोघे पाहुणेही होते. हारुकाने दोन पानं वाचली असतील. बाई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्याबरोबरच वाकू लागल्या. ती वाकली की त्या वाकत. ती थांबली तर त्या पुटपुटत, "सुमिमासेन." हारुका बोलायची थांबली तरी बाई थांबल्या नाहीत. त्या भिंतीची माफी मागू लागल्या. पंख्याची. स्वतःच्या बुटांची. पाहुण्यांपैकी एकजण हसला, आणि मग लाजून खाली पाहू लागला. हारुकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती सरळ उभी होती, कारण वाकली असती तर ती नक्कल पुन्हा सुरू झाली असती.

त्यानंतर ती विभागात यायची बंद झाली. फोन उचलत नव्हती. मुरासे-सेन्सेई काळजीत होते. बाई म्हणाल्या, "जंगलात गेली. येईल."

मी धीर करून विचारलं. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "बाई, तिथे म्हाताऱ्या बायका नक्कल करतात ती... म्हणजे, जो मोठा होऊ बघतो त्याची ना?"

"मग? मी म्हातारी नाही? बाई नाही?"

"पण हारुका मोठी कुठे होत होती?"

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी खरं बोलतील. त्यांनी मान तिरकी केली, ओढणीचं टोक नसताना ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि म्हणाल्या, "म्हणजे... बाई... मला आपलं असं... वाटतं..."

मी गेले तिथून.

हारुका परत आली. कशी आली, कुणी समजावलं, मी विचारलं नाही. ती खुर्चीवर बसली, बाई तिच्यापाशी गेल्या, तिच्या हातातली ओनिगिरी, भाताचा तो तिकोनी गोळा, अर्धा तोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "उद्यापासून तू मला सगळं करून दाखवायचंस. आधी अंगाने, मग कागदावर."

त्यांना काय दिसलं होतं, ते मला नंतर कळलं. जी मुलगी इतकी घाबरून जगते ती सतत दुसऱ्यांकडे पाहत असते. हारुकाला पाहता येत होतं. बाईंनी तिला पुढे दोन वर्षं निर्दयपणे घडवलं. आम्हा दोघींना त्या कामो नदीच्या काठावर पाठवत. एक म्हातारा छत्री कशी मिटतो, एखादी बाई सायकल उभी करताना पाय कुठे टाकते, ते पाहून यायचं आणि करून दाखवायचं. माझं पाहूनच त्या म्हणत, "पुसद, हे तू केलंस, त्याने नाही." हारुकाला मात्र पुन्हा पुन्हा पाठवत. तिने एकदा एका माणसाची मान झटकण्याची लकब गाळली, कारण तिचा अर्थ तिला कळला नव्हता. बाईंनी हातातला कागदी ग्लास भिंतीवर फेकला.

"अर्थ तू ठरवणार? काही वगळायचं नाही. कळत नाही तेही उचलायचं. कळत नाही तेच आधी उचलायचं!"

हारुकाने मान डोलावली. यानंतर तिने काही वगळलं नाही.

शेवटच्या वर्षी बाई अधिकच कडक झाल्या. बोलता बोलता मध्येच थांबत. डावा हात वर जाई, अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरे, चिमटीतल्या मिठाचा अंदाज घ्यावा तसा. नजर खिडकीच्या वरच्या चौकटीवर. आणि मग एकदम समोरच्या कुणावर तरी बोट रोखून गर्जत, "नाव! नाव सांग! तुम्हाला अजून नाव येत नाही?" समोरचा घाबरून सांगे, "एफे." "हां! एफे. पुढे." आम्ही सगळी नावं झोपेतही म्हणू शकलो असतो. लोकांची, ओढ्यांची, वस्त्यांची. विभागात सगळे म्हणत, रेरे-सेन्सेईंचे विद्यार्थी किती तयार असतात.

मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्यानंतर लगेच मुरासे-सेन्सेईंचा गट काँगोला जाणार होता. बाई सल्लागार म्हणून बरोबर जाणार असं ठरलं होतं. हे जाणं त्यांच्यासाठी काय होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. सायकल हाताने ढकलत बाई आणि मी फाटकापर्यंत चाललो होतो.

"माझी म्हातारी केव्हाच गेली. तिची मुलगी आता म्हातारी झाली असेल. तिच्या आईसारखी नक्कल करते म्हणतात." त्या थोड्या हसल्या. "तिने माझी करावी. एकदा. इतक्या वर्षांत मी काय होऊन बसले, ते मला पाहायचं आहे. इथे कोण सांगणार? इथे सगळे वाकतात."

निरोपाचा समारंभ दुपारी, सेमिनारच्याच खोलीत झाला. कागदी थाळ्या, गोडसर सुशी, मी केलेले कांदेपोहे. बाईंनी पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "लिंबू विसरलीस." मुरासे-सेन्सेई भाषणाला उठले तर त्यांना हाताने बसवलं.

"भाषणं नकोत. हारुका, ऊठ. माझी नक्कल कर."

हारुका पांढरी पडली. नको, नको म्हणत हात हलवू लागली.

"दोन वर्षं शिकवलं ते वाया? का घाबरलीस? सुमिमासेन?" आणि बाईंनी एक जुनं, ओळखीचं वाकणं केलं.

हारुका उठली. खुर्ची मागे सारली, क्षणभर डोळे मिटले आणि उघडले ते बाईंचे डोळे होते. कसं ते मला सांगता येत नाही. ती उंच मुलगी ठेंगणी झाली. एका विद्यार्थ्याच्या थाळीतून सुशी उचलून चावत खोलीभर फिरली. "मीठ कमी." सेक्रेटरीच्या खुर्चीला लाथ घातली. "कुठले लोक? कुठलं वन?" लोक आधी घाबरून बाईंकडे पाहत होते. पण बाई मांडीवर थापा मारून हसत होत्या, तेव्हा खोली सुटली. मुरासे-सेन्सेई डोळे पुसत हसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग हारुकाने सार्डिनची गोष्ट सांगणाऱ्या बाई केल्या. "एके संध्याकाळी वस्तीतली एक म्हातारी, तिचं नाव..."

आणि हात वर गेला. अंगठा बोटांवर फिरू लागला. नजर खिडकीच्या चौकटीवर. ओठ अर्धे उघडे. हारुकाने घाई केली नाही. बाईंना जितका वेळ लागे तितकाच तिने घेतला, आणि त्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आम्ही वर्षभर रोज पाहिलं होतं आणि कुणी पाहिलं नव्हतं. भीती. भर रस्त्यात आईचं बोट सुटलेल्या पोरासारखी. आणि ती लपवायला मग ती गर्जना, "नाव! नाव सांगा!"

कुणी हसलं नाही. हारुकाला वाटलं असावं, अजून नीट झालं नाही. तिने पुन्हा केलं. आता बाई मुरासे-सेन्सेईंच्या गटाबद्दल सांगत होत्या, "आम्ही निघणार आहोत ते..." आणि पुन्हा हात. पुन्हा खिडकी. "देश! देशाचं नाव!" समोरच्या मुलाने सवयीने उत्तर दिलं, "काँगो." आणि मग त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मुरासे-सेन्सेईंनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून.

हारुका थांबली. तिने आमचे चेहरे पाहिले आणि आपण काय उचलून आणलं ते तिला तेव्हा कळलं. अर्थ माहीत नव्हता म्हणूनच तिने ते वगळलं नव्हतं.

त्या शांततेत एकट्या बाई हसल्या. मोठ्याने, बराच वेळ. आम्हाला नियम माहीत होता. ज्याची नक्कल तो हसला की विषय संपतो. त्या हसत आमच्या प्रत्येकाकडे पाहत होत्या, कुणीतरी हसावं म्हणून. मीसुद्धा प्रयत्न केला. आवाज आला नाही.

मग त्या उठल्या आणि हारुकाचा उजवा हात धरून खाली केला. "डावा. समोर बसून पाहतेस म्हणून उलटं झालं. बाकी बरोबर."

जपानमध्ये 'नाही' म्हणत नाहीत. मुरासे-सेन्सेईंनी बाईंना तब्येत जपायला सांगितलं. मग विम्याचा विषय निघाला. मग जंगलातल्या वाटा आता किती खराब झाल्यात, हा. बाईंनी तपासण्या करून घ्याव्यात असं सुचवलं. बाईंनी केल्या, आणि त्यानंतर त्यांच्या काँगोला जाण्याचा विषय कुणी काढला नाही. त्यांच्या जागी हारुकाचं नाव आलं.

हारुका माझ्यासमोर बाईंकडे गेली. मी जाणार नाही, म्हणाली. वाकली आणि वाकलेलीच राहिली. बाई कपाट आवरत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"तू नाही तर कोण? बाकीच्यांना दिसतं कुठे? जा. आणि माझ्या म्हातारीच्या मुलीला ही नक्कल करून दाखव. सगळी. हातासकट. डावा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कळू दे त्यांना. तिथे तरी हसतील."

हारुका गेली आणि काही महिन्यांनी परतली. आम्ही स्टेशनजवळ भेटलो. मी काही विचारायच्या आधी ती म्हणाली, "करून दाखवली."

"मग?"

"हसल्या. इतक्या हसल्या की एक बाई पडली. हाताचं तर त्यांनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग ती मुलगी, म्हणजे आता आजीच, म्हणाली, आम्ही एवढं हसलो, मग ती का आली नाही? हसून झाल्यावर तर परत यायचं असतं."

हे बाईंना सांगायला मी तोक्योला गेले. तेव्हा त्या तोक्योजवळ ग्योतोकुला पुतण्याकडे राहत होत्या. मिहिरदादा पुण्याच्या एका कंपनीतर्फे तिथे नोकरीला, बायको केतकी, आणि इरा नावाची आठेक वर्षांची मुलगी. मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते. त्या भागात आपली बरीच माणसं आहेत. खाली किराणा दुकानात बेसनही मिळतं. मी लाडू केले होते. या वेळी भरपूर तूप घालून. डबा तोच.

केतकीने दार उघडलं. बाई सोफ्यावर बसल्या होत्या. केस नीट कापलेले, कडेला पिना. कॉर्डरॉयची पँट गेली होती, अंगावर फुलाफुलांचा स्वच्छ गाऊन होता. मला पाहून त्या जरा सावरून बसल्या.

"आत्या, तुमची विद्यार्थिनी," केतकी म्हणाली.

"हो का? या ना. बसा. आपण कुठल्या?"

"पुसदची, बाई."

"अरे वा. पुसद. लांब आहे."

इराने शेजारी बसून संत्रं सोललं होतं. तिची थाळी बाईंच्या हाताशी होती. मी पाहत राहिले, आता त्या फोड उचलतील. त्यांनी उचलली नाही. इराने एक फोड पुढे केली तेव्हा दोन्ही हातांनी घेतली.

मी हारुकाचं सगळं सांगितलं. वस्ती, म्हातारीची मुलगी, ती पडलेली बाई, ते हसणं. आणि शेवटचं, ती का आली नाही, तेही. तेवढं सांगण्यासाठी मी आले होते. बाईंनी मन लावून ऐकलं. मध्ये मध्ये मान हलवली, पाहुणा काही सांगत असला की हलवतात तशी.

"छान," त्या म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून, अगदी सौम्यपणे विचारलं, "कुठले लोक?"

"म्बेंजेले," मी म्हणाले.

"अच्छा." त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला.

इरा खिदळली. तिने डावा हात वर केला, अंगठा बोटांवर फिरवला आणि छताकडे डोळे लावले. हुबेहूब. केतकी तिच्यावर ओरडली. बाईंनी इराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ही पोर काय करते आहे, ते त्यांना कळलं नव्हतं. आम्ही हसत नाही म्हणून त्याही हसल्या नाहीत.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा बाई उठल्या. "थांबा, थांबा. डबा राहिला." केतकीने लाडू ताटलीत काढून डबा धुऊन ठेवला होता. बाई तो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. कप्पे उघडण्याचा आवाज आला. एक, दुसरा, पुन्हा पहिला. "केतकी, साखर कुठे ठेवतेस गं? रिकामा डबा देऊ नये माणसाला."

त्या बाहेर आल्या. डबा दोन्ही हातांत, खांदे आत, मान जराशी तिरकी, सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि हात जोडले.

"लाडू फार सुरेख झालेत हं," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलात. धन्यवाद."